मामा, शेवंती आणि आयर्लंडचा घोडा

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळा मुलूख पालथा घातला तरी विचार करण्यात माझ्या मामांचा हात धरणारा माणूस सापडणार नाही. विचार म्हणजे जाड पुस्तकांतला नव्हे. एखादी वस्तू घ्यावी की घेऊ नये, एवढाच. पण तो विचार ते इतक्या निष्ठेने करतात की वस्तू घरात आल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरतो, कारण आता विचाराला काही उरलेलं नसतं. हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. औंधच्या पुढे डोंगराला लागून त्यांचं गाव आहे. माझं घर उंब्रजला आणि शिक्षण साताऱ्याच्या कॉलेजात, त्यामुळे सुट्टी लागली की माझी पावलं आपोआप आत्याच्या गावाकडे वळतात. मामा फौजेत खेचरांच्या तुकडीत होते. बर्फाच्या डोंगरांवर खेचरांबरोबर चालून चालून ते स्वतःही थोडं तसंच चालायला लागले, असं आत्या म्हणते. पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपल्यासारखं करतात, मग टाकतात.

एकदा ते विट्याला पंखा घ्यायला गेले. दुकानदाराने पंखा लावून दाखवला. मामांनी त्याच्याखाली खुर्ची मागवून घेतली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. दुकानदाराला वाटलं, वारा अजमावतायत. ते अजमावता अजमावता झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, "वारा चांगला हाय. पर तुमचं दुकानच मुळात गार हाय. आमच्या पत्र्याखाली ह्यो कसा वागंल, त्ये हितं बसून न्हाई कळायचं." दुकानदारही वेगळाच माणूस असावा. त्याने मुलाला पंखा देऊन मामांबरोबर गावाला धाडलं. पंखा पत्र्याखालीही चांगला वागला. तरीही तो विकत घेतला गेला पुढच्या उन्हाळ्यात. आत्याला पाहायला आले तेव्हाची गोष्टही अशीच. ती स्वतःच हसत सांगते, "मला म्हणलं, जरा त्या आडापतूर जाऊन या. चाल बघायची व्हती ह्यास्नी. मी लाजत लाजत गेले, लाजत लाजत आले, तर हे आमच्या दारातली म्हस बघत बसलेलं." मामा यावर कधी चिडत नाहीत. शांतपणे म्हणतात, "तुझी चाल जातानाच पसंत पडली व्हती. येताना म्हस बघितली तर काय बिघडलं?"

माणसाची पारख करायची त्यांची तऱ्हाही ठाणावर बांधलेल्या जनावरासारखीच. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि तो गेल्यावर म्हणाले, "मान ताठ हाय, पर खूर कच्चं हाईत. चढाला दम टाकंल." आमच्या प्राचार्यांना ते एकदा भेटले. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "गड्यात दम हाय, पर लगाम दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिसतोय." मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून. पण पुढे वर्षभर प्राचार्यांकडे पाहिलं की मला तो लगाम दिसायचाच.

ते प्राचार्यांना भेटले त्यालाही कारण होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मला साताऱ्याला ठेवावं की नाही, यावर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव वर-खाली होत होता. मुलगी एकटी, वसतिगृह अनोळखी, शेतात हात कमी. शेवटी त्यांनी मामांना बोलावलं. आईने चहाचं मोठं पातेलं चढवलं, कारण मामांचा विचार म्हणजे निदान मुक्कामाची गोष्ट. मामा आले, बसले, सगळं ऐकून घेतलं. कपातला पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यात इचार कसला करायचा? धाडा." आईने पातेल्यातला उरलेला चहा शेजारी वाटला. मग मामाच माझ्याबरोबर साताऱ्याला आले, प्राचार्यांना भेटले. वसतिगृहाची खिडकी उघडून वारा कुठून येतो ते बघितलं, नळाचं पाणी चाखलं, गादी दाबून पाहिली, आणि बाईंना विचारलं, "दाण्याची सोय काय?" बाई गोंधळल्या. मी म्हणाले, जेवणाचं विचारतायत. निघताना माझ्या पाठीवर थाप टाकून ते म्हणाले, "ठाण बरं हाय. बुजू नगंस."

आता शेवंतीबद्दल सांगायला हवं. शेवंती ही मामांची घोडी. पांढरी, पण वयामुळे पिवळसर झालेली. त्यांच्या गावच्या देवीची यात्रा उन्हाळ्याच्या तोंडाला असते. त्या दिवशी पालखी वेशीपासून डोंगरावरच्या देवळात जाते आणि पालखीच्या पुढे एक घोडा चालतो. त्याच्या पाठीवर खोगीर असतं, रेशमी झूल असते, गळ्यात हार असतो, पण वर कुणी बसत नाही. बसलेली असते ती देवी. पालखीत मुखवटा असतो, घोड्यावर देवी असते, असं तिथली माणसं अगदी सहज सांगतात. हा घोडा देण्याचा मान मामांच्या घराकडे पणजोबांपासून आहे. घरात दुसरं काय आहे नि काय नाही याची मामांना फिकीर नसते, पण त्या एका दिवशी फौजेतला जुना कोट घालून, अनवाणी, शेवंतीचा लगाम धरून ते चालतात तेव्हा त्यांची छाती बघावी. मी लहानपणी समजत होते की यात्रा मामांचीच असते.

गेल्या खेपेला मात्र शेवंती डोंगराच्या चढावर मध्येच थांबली. दम लागला होता. मागे पालखी खोळंबली, लोक कुजबुजले. तिने शेवट गाठला, पण उशिरा, आणि ओढून न्यावं लागलं. त्यानंतर यात्रा कमिटीचे अध्यक्ष मामांच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस भला. मान खाली घालूनच म्हणाले, "मामा, औंदा घोडी वरपतूर जाईल का न्हाई, त्ये आधी सांगा. वरच्या आळीचा घोडा तयार हाय. तुमचा मान काढून घ्यावा असं कुणाच्या मनात न्हाई, पर देवीला वाटंत उभं ठिवता येत न्हाई." सगळ्यांना ठाऊक होतं, मान एकदा दुसऱ्या दारात गेला की परत येत नाही. मामा एवढंच म्हणाले, "इचार करतो." ह्या खेपेला ते म्हणताना त्यांच्या तोंडावर नेहमीचं सुख नव्हतं.

ही बातमी दत्तादादाला कळली. दत्तादादा म्हणजे मामांचा मुलगा. आमच्या भागातली पुष्कळ पोरं करतात तसा तो केरळात गलाईचा, म्हणजे सोनं गाळायचा, धंदा करतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे, आणि तिच्या शेजारी घोडे पाळणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. कुठून कुठे धागे जातात बघा. त्या बाईंच्या एका घोड्याचा व्हिडिओ दत्तादादाने मामांच्या फोनवर पाठवला आणि वर म्हणाला, "आबा, तुमी फकस्त व्हय म्हणा. बाकी समदं माझ्यावर. आपल्या दारात असा घोडा उभा ऱ्हायला पायजे की वरच्या आळीनं बघत बसावं." मी तेव्हा सुट्टीला तिथेच होते. मामांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तांबडा घोडा, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. मामा कुजबुजले, "पंचकल्याणी हाय गं पोरी. असल्या घोड्याच्या पायानं घरात बरकत येती म्हणत्यात. आन् ह्यो तिकडं पावसात भिजत उभाय."

तिथून विचाराला जी सुरुवात झाली ती अशी की मामांचे मागचे सगळे विचार म्हणजे जणू रंगीत तालीम वाटावी. घोडा विमानातून येतो म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "त्याचं दावं कोण धरतंय?" दुसरा प्रश्न, डोंगर दिसला की हे जनावर चढायला बघेल की खायला. तिसरा, त्याला मराठी कोण शिकवणार. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, मला पुण्याच्या फुडं कवा न्हेलं न्हाई, आन् घोडं इमानातनं आणताय." मामा म्हणाले, "तुला न्यायचा बी इचार चालूच हाय की." आत्या म्हणाली, "व्हय, लगीन झाल्यापासनं."

मग एका दुपारी, त्यांच्याकडच्या सकाळी, बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. दुभाषी मी. मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजी बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवत बसणारी. पण मामांनी गोठ्यासमोर खुर्ची मांडली, मला शेजारी बसवलं, आणि त्याआधीच ते आजूबाजूच्या चार घरांत सांगून आले होते की आमची पोरगी आज विलायतेशी बोलणार आहे. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, गमबूट घातलेल्या बाई आल्या. नाव नोरा. मामा उठून उभे राहिले आणि रामराम म्हणाले. बाईंनीही मान झुकवली. पुढचं सगळं मला जसंच्या तसं आठवतं.

"पयलं भवरं दाखवाय सांग," मामा म्हणाले. आपल्याकडे घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून तो घराला लाभेल की नाही हे ठरवतात. मी बाईंना कसंबसं सांगितलं, केस जिथे गोल फिरतात ती जागा. बाई न हसता घोड्याची एकेक बाजू दाखवू लागल्या. मानेखाली भोवरा दिसला तसे मामा खुर्चीत पुढे सरकले. "देवमण हाय," ते म्हणाले. देवमण म्हणजे सगळ्यांत शुभ भोवरा. "आता पोटाखाली दाखव म्हणावं."

"आवं मामा, म्हाताऱ्या बाई आहेत. वाकायचं कसं त्यांनी?"

"त्यास्नी वाकाय कोण सांगतंय? फोनला वाकाय सांग."

बाईंनी फोन पोटाखाली धरला. भोवरे सगळे जागच्या जागी निघाले. मग मामांनी विचारलं, हलगीला बुजतो का. बाईंना हलगी म्हणजे काय ते कळेना. मामांनी शेजारच्या म्हादूला हाक मारली. म्हादू ह्याच क्षणाची वाट बघत भिंतीआड उभा होता, हलगी शेकून घेऊन. त्याने फोनसमोर अशी कडाडून वाजवली की आमच्या कोंबड्या पळाल्या, पण आयर्लंडच्या घोड्याने नुसते कान टवकारले आणि जागच्या जागी एक पाय उचलून ठेवला. "ताल हाय त्याच्यात," म्हादू म्हणाला. मामांच्या डोळ्यांत मी असं तेज कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, हा घोडा आला.

मग बाईंनी त्यांचा पहिला प्रश्न विचारला. ह्याच्यावर बसणार कोण? मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "कुणी न्हाई. देवी बसती." मी तेच इंग्रजीत सांगितलं. सांगताना मला थोडा संकोच वाटला, बाई काय म्हणतील म्हणून. मग अगदी गंभीरपणे, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारत असतील तसं, त्यांनी विचारलं, "तिचं वजन किती असतं?"

मी मामांकडे पाहिलं. वाटलं, रागावतील. पण मामा हरखूनच गेले होते. "बघ," ते मला म्हणाले, "आजपतूर हे कुणी इचारलं न्हाई. ना गुरवानं, ना कमिटीनं. बाई जाणती हाय." आणि मग विचारात पडले. बाईंना निरोप दिला, "सांगतो म्हणावं. इचार करून सांगतो." फोन ठेवण्याआधी बाई म्हणाल्या, आत्ता देवीला नेणारी घोडी बघायची आहे. मामांनी फोन शेवंतीसमोर धरला. बाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, की मोठ्या मनाची दिसते. हे वाक्य मामांनी माझ्याकडून दोनदा मराठीत करून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून देवीच्या वजनाचा विचार सुरू झाला. मामांनी शेवंतीच्या पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधून तिला सकाळी डोंगरावर नेलं. ती तरातरा चढली. मग भरलं पोतं नेलं. ती थोडी हळू, पण न थांबता चढली. आत्याने हे पाहिलं आणि दारातूनच म्हणाली, "देवीला पोत्यानं मापताय व्हय?" मामांनी जीभ चावली, पोतं उतरवलं आणि देवळाकडे तोंड करून कान धरले. पण त्यांचं डोकं चालूच होतं. मला म्हणाले, "भरल्या पोत्याला ही थांबत न्हाई, आन् यात्रंत मोकळ्या खोगिराला थांबली. म्हंजी ही म्हातारी झाली म्हणून न्हाई थांबली पोरी. वरचं वजन जास्त व्हतं." मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पण खरं सांगायचं तर मला दुसरं उत्तर माहीत नव्हतं.

शेवटी मामा देवीलाच कौल लावायला गेले. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवतात, आणि मनातला प्रश्न सांगितल्यावर उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवाने फुलं लावली. मामांनी हात जोडून प्रश्न सांगायला सुरुवात केली. "आई, घोडा देवमणाचा हाय, पंचकल्याणी हाय, तर त्यो इमानात आजारी पडणार नसंल, हितलं ऊन त्याला सोसणार असंल, शेवंतीला त्येच्यामुळं परकं वाटणार नसंल, दत्ताचं मन मोडणार नसंल, आन् नोराबाईला त्येच्याबिगर करमणार असंल, तर उजवा दे." गुरवाने कपाळाला हात लावला. "मामा, देवीला एक इचारायचं असतंय. तुमी पेपर काढलाय." फुलं हलेनात. गुरवाची भाकरी घरी गार होत होती. बऱ्याच वेळाने दोन्ही फुलं एकदमच खाली आली. गुरव उठत म्हणाला, "घ्या. देवी म्हणती, तुझं तू बघ."

मामा देवळातून थेट अध्यक्षांकडे गेले. मी बरोबर होते. म्हणाले, "औंदा शेवंतीच चालंल. पर घाई करायची न्हाई. ती थांबंल तिथं समद्यांनी थांबायचं. तिला कुणी ओढायचं न्हाई, मी बी न्हाई." अध्यक्ष म्हणाले, "आन् ती फुडं हाललीच न्हाई तर?" मामा म्हणाले, "तर माझ्या हातानं झूल काढून वरच्या आळीच्या घोड्यावर टाकतो."

यात्रेला मी साताऱ्याहून आले, दत्तादादा केरळातून आला. त्याचा राग अजून गेला नव्हता. म्हणत होता, "आबांनी माझं ऐकलं असतं तर आज गावानं बोटं तोंडात घातली असती." पालखी निघाली. मामा जुन्या कोटात, अनवाणी. शेवंतीच्या आयाळीत आत्याने शेवंतीचीच फुलं गुंफली होती. खाली वेशीजवळ वरच्या आळीचा घोडा सजून उभा होता, काळाभोर, देखणा, आणि त्याचा मालक बघत होता. डोंगराचा चढ लागला. गेल्या खेपेच्याच जागी शेवंती थांबली. हलगी थांबली. पालखीवाल्यांनी पालखी काठ्यांवर टेकवली. सगळा डोंगर इतका शांत झाला की तिचा श्वास ऐकू येत होता. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "मामा, वढा की जरा."

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. लगाम ढिला सोडला आणि म्हणाले, "वर देवी बसलीया. वढायची व्हय तिला?"

म्हाताऱ्या बायका दगडांवर टेकल्या, पोरांना पाणी मिळालं, पालखीवाल्यांनी खांदे चोळले. एक आजी म्हणाल्या, आज पहिल्यांदाच देवीला नीट बघायला मिळालं, एरवी धावत जाते. वेळ किती गेला मला सांगता येणार नाही. शेवंतीने आपली आपण मान उचलली, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. म्हादूने तिच्या पावलाला पाऊल जोडून हलगी धरली, अगदी हळू. सगळी यात्रा एका म्हाताऱ्या घोडीच्या चालीने डोंगर चढली, आणि दीपमाळेजवळ ती पोचली तेव्हा दत्तादादा पुढे होऊन तिच्या मानेला बिलगला. डोळे पुसत तो म्हणाला, "आबा, त्यो घोडा ऱ्हाऊ द्या." मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे कशाला? इचार चालू हाय."

आणि तो खरंच चालू आहे. शेवंतीच्या शेजारी मामांनी एक नवं ठाण बांधलंय, पश्चिमेच्या बाजूला खिडकी ठेवून, घोडा आला तर त्याला तिकडच्या आपल्या गावाकडे बघावंसं वाटेल म्हणून. रोज सकाळी ते झाडून घेतात. ठाण रिकामंच आहे. मला कधी कधी वाटतं, ते रिकामं आहे तोवर शेवंतीचं खोगीर दुसऱ्या कुणाच्या पाठीवर चढणार नाही, हे मामांना पक्कं ठाऊक असावं. माझ्या बाबतीत एका घोटात ठरवणारा हा माणूस हा एक विचार संपूच नये म्हणून जपतोय.

यात्रेच्या त्या दिवशी देवळामागे त्यांनी शेवंतीचं खोगीर उतरवलं. तिची पाठ घामाने ओली झाली होती. मामांनी त्या ओल्या जागेवरून कितीतरी वेळ हात फिरवला. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "नोराबाईला उत्तर द्यायचं ऱ्हायलंय. वजन कळलं म्हणून लिही."

मी फोन काढला. "किती लिहू?"

त्यांनी सवयीप्रमाणे विचार केला. शेवंतीने त्यांच्या खांद्यावर मान टाकली होती.

"लिही," ते म्हणाले, "हिला झेपतं तेवढं."